टेलला पाणी पोहोचलं का, ते टेललाच बघा

नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की बारामतीपासून खाली इंदापूरपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो : पाणी कुठवर आलं? मुखाशी पूर्ण विसर्ग सुरू असल्याची नोंद असते आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा पाट कोरडा असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. ऑनलाइन सॉफ्टवेअरचंही असंच आहे. सर्व्हर चालू असतो, पडद्यावर हिरवा दिवा असतो, आणि काटेवाडीच्या दूध संकलन केंद्रावर कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पावती मिळत नसते. हा लेख अशा सॉफ्टवेअरचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. दूध संकलनाचं, वजनकाट्याचं, पतसंस्थेचं, शाळेच्या फीचं किंवा दवाखान्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीवर विकणारी दोन-चार जणांची कंपनी बारामतीत बसूनही चालवता येते. अशा कंपनीनं आपली सेवा चालू आहे की बंद, हे कसं ओळखावं आणि बंद पडली तर गिऱ्हाइकाला कसं सांगावं, एवढाच इथला विषय आहे.

आधी आकड्यांबद्दल बोलू, कारण करारात तेच लिहिले जातात. ‘९९.९ टक्के अपटाइम’ हे शब्द सर्रास वापरले जातात. तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ होतो साधारण ४३ मिनिटं बंद. ९९ टक्के म्हटलं तर सव्वासात तासांच्या आसपास. ९९.९९ म्हटलं तर जेमतेम सव्वाचार मिनिटं, आणि दोन-चार जणांच्या कंपनीनं हे वचन देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री फोन वाजून माणूस उठेपर्यंतच सव्वाचार मिनिटं संपतात.

पण महिन्याची सरासरी हे मापच दुधाच्या धंद्याला लागू पडत नाही. समजा केंद्रावर सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ दूध येतं. ती ४३ मिनिटं रात्री दोन वाजता गेली तर कुणाला कळणारही नाही. तीच ४३ मिनिटं एका सकाळी साडेसहाला गेली तर त्या दिवसाच्या सकाळच्या संकलनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ गेला. फॅट आणि एसएनएफ मोजायचं यंत्र चालू, काटा चालू, पण दर काढून पावती देणारं सॉफ्टवेअर बंद. दूध काही थांबत नाही, ते नासतं. कागदावर दोन्ही महिने ९९.९ टक्केच दिसतील. म्हणून आपला अपटाइम गिऱ्हाइकाच्या कामाच्या तासांवर मोजा. दुधासाठी सकाळ-संध्याकाळचे चार तास वेगळे काढा आणि त्यांची टक्केवारी वेगळी लिहा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी हंगाम हेच कामाचे तास असतात. भवानीनगर असो, माळेगाव असो की सोमेश्वरनगर, गाळप सुरू झालं की ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रीही काट्यावर उभ्या असतात, आणि मे महिन्यातला शंभर टक्के अपटाइम तिथं कुणाच्याच कामाचा नसतो. देखभालीसाठी सेवा बंद ठेवायची तर दुधाच्या गिऱ्हाइकासाठी दुपार चांगली, काट्यासाठी हंगाम संपल्यावरचे दिवस. एकाच सर्व्हरवर दोघंही असतील तर वेळ ठरवणं अवघड जाईल, आणि गिऱ्हाइकं वेगळ्या सर्व्हरवर ठेवण्याचं ते एक चांगलं कारण आहे.

आता देखरेख नेमकी कशाची करायची ते बघू. बहुतेक जण मुखपृष्ठाचा पत्ता एखाद्या मोफत सेवेत टाकतात. ती दर पाच मिनिटांनी पान उघडून बघते, सर्व्हरनं २०० हा आकडा दिला की सगळं ठीक मानते. पण डेटाबेस बंद असतानाही मुखपृष्ठ उघडू शकतं. ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ असा मजकूर असलेलं पानसुद्धा २०० देऊ शकतं. तेव्हा पहिली सुधारणा म्हणजे पानावर अमुक शब्द दिसलाच पाहिजे अशी अट घालणं. दुसरी आणि खरी सुधारणा म्हणजे गिऱ्हाईक करतं ते काम यंत्राकडून करून घेणं. एक चाचणीचं खातं उघडा. दर काही मिनिटांनी त्या खात्यातून लॉगिन होऊ दे, पाच लिटर, ३.८ फॅट, ८.५ एसएनएफ अशी नोंद होऊ दे, दर बरोबर निघतो का आणि नोंद परत वाचता येते का ते तपासलं जाऊ दे. हे खातं बिलांच्या हिशेबातून पहिल्या दिवसापासून वगळून ठेवा, नाहीतर दहा दिवसांनी दुधाचा पगार काढताना या खोट्या सभासदाच्या नावावर पैसे निघतील. एवढं केलं तर टेलला पाणी पोहोचतंय की नाही ते कळायला सुरुवात होते.

तपासणी दर मिनिटाला व्हावी. एकदा अपयश आलं की लगेच फोन वाजवू नका, लागोपाठ दोन-तीनदा आलं तर वाजवा. इंटरनेटवर एखादी विनंती हरवणं रोजचंच आहे आणि खोट्या इशाऱ्यांची सवय झालेला माणूस खऱ्या इशाऱ्यालाही उठत नाही. तपासणी दोन-तीन ठिकाणांहून व्हावी आणि त्यातलं एक ठिकाण भारतात असावं. तुमची गिऱ्हाइकं बारामती-इंदापूरची असताना तपासणी फक्त अमेरिकेतून होत असेल तर ती अर्धवट आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे देखरेख करणारं यंत्र आणि ज्याची देखरेख करायची ते यंत्र एकाच छताखाली नसावं. हा धडा जगातल्या मोठ्यात मोठ्या कंपन्यांनी भर दिवसा शिकला आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एस-३ या साठवण सेवेत एका कर्मचाऱ्याच्या चुकीच्या आज्ञेमुळे अमेरिकेतले ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले. सेवांची स्थिती दाखवणाऱ्या त्यांच्या पानाचं व्यवस्थापन त्याच एस-३वर अवलंबून होतं. त्यामुळे सेवा कोसळलेली असताना पानावरचे दिवे काही काळ बदलताच आले नाहीत आणि कंपनीला ट्विटरवरून सांगावं लागलं. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी अनेक साइटची वाहतूक पोहोचवणारं क्लाउडफ्लेअर कोसळलं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजत आले होते आणि मुख्य वाहतूक बरीचशी सुरळीत व्हायला रात्रीचे आठ वाजले. म्हणजे नेमकी संध्याकाळच्या दुधाची वेळ. ज्यांची साइट त्यांच्यामार्फत चालत होती त्यांचा स्वतःचा सर्व्हर धडधाकट असूनही पान उघडत नव्हतं. तेव्हा तुमचा सर्व्हर मुंबईतल्या एका कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर देखरेख दुसऱ्या कंपनीच्या छोट्या सर्व्हरवर ठेवा. अपटाइम कुमा हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. ते फुकट आहे, एका दुपारी बसवून होतं, आणि स्थितीचं साधं पानही त्यातूनच काढता येतं. स्वतः बसवायचं नसेल तर अपटाइम रोबोटसारख्या तयार सेवा आहेत.

या भागासाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण परदेशी मार्गदर्शिकांत ती सापडत नाही. आपल्याकडे ‘सर्व्हर डाऊन’ हे कारण रेशन दुकानापासून सेतू केंद्रापर्यंत इतकं ऐकलं जातं की केंद्रावर काहीही अडलं तरी लोक तेच म्हणतात. प्रत्यक्षात वीज गेलेली असते, राउटर बंद असतो, रस्त्याच्या कामात केबल तुटलेली असते किंवा मोबाइलचा टॉवर बंद असतो. तुमची बाहेरून होणारी तपासणी यातलं काहीही दाखवणार नाही. त्यासाठी उलटी तपासणी लागते. केंद्रावरच्या संगणकानं किंवा मशीननं दर पाच मिनिटांनी तुमच्या देखरेखीकडे ‘मी आहे’ एवढा निरोप पाठवायचा. निरोप थांबला की इशारा. अपटाइम कुमात याला पुश प्रकार म्हणतात. समजा तुमची अडतीस केंद्रं आहेत. त्यांपैकी एकाचा निरोप थांबला तर अडचण त्या केंद्राची आहे, एका गावातल्या सगळ्या केंद्रांचा थांबला तर वीज किंवा टॉवर, सगळ्यांचा थांबला तर तुम्ही. फोन आल्यावर ‘आमच्याकडे सगळं चालू आहे’ असं सांगून शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडण्यापेक्षा ‘तुमच्या केंद्राचा निरोप ६.४० पासून बंद आहे, राउटर बघा’ असं सांगता येणं ही फार मोठी सेवा आहे.

गप्प बसणारी यंत्रणा सर्वांत धोक्याची असते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या सहकार्यानं उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आणि त्यानंतर जमिनीतले सेन्सर, उपग्रहाची चित्रं आणि मोबाइलवरचा सल्ला हे शब्द या पट्ट्यात परके राहिले नाहीत. अशी कोणतीही सल्ल्याची सेवा तुम्ही चालवत असाल तर विचार करा : सेन्सर बंद पडला की ‘पाणी द्या’ हा संदेश जात नाही, आणि संदेश न येणं म्हणजे ओल पुरेशी आहे असा शेतकरी अर्थ लावतो. इथं ‘नोंद आली नाही’ हीच बातमी आहे आणि ती शेतकऱ्यापर्यंत गेली पाहिजे. रात्रीच्या बॅकअपलाही हाच नियम. बॅकअप झाला की निरोप, निरोप नाही आला तर सकाळी इशारा.

दोन गोष्टी न चुकता तारखेनिशी मोडतात आणि तरीही लोकांना गाठतात : डोमेन आणि एसएसएल प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. सगळ्याच प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्यानं कमी होत आहे : मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १००, आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७. हातानं नूतनीकरण करायचे दिवस त्यामुळे गेले. ते आपोआप होऊ द्या आणि मुदतीच्या चौदा दिवस आधी इशारा लावा, म्हणजे आपोआप होणारं काम अडकलं तर कळेल. डोमेनच्या बाबतीत आपल्या कार्डांचा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती वजावटीचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, आणि परदेशी कंपनीकडे ‘आपोआप नूतनीकरण’ची खूण केलेली असली तरी कार्डातून पैसे जातीलच असं नाही. डोमेन एकदम काही वर्षांचं घ्या आणि नोंदणीचा ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा नाही ना, ते आजच बघा.

इशारा कुणाला जाणार हा प्रश्न यंत्राचा नाही, घरातला आहे. दोन भागीदार असतील तर आठवडा वाटून घ्या. व्हॉट्सॲपचा संदेश पहाटे साडेपाचला कुणाला उठवत नाही, त्यासाठी फोनच वाजला पाहिजे आणि फोन शांत ठेवलेला असला तरी त्या क्रमांकाला मुभा हवी. दहा मिनिटांत पहिल्यानं ‘बघतोय’ असं कळवलं नाही तर दुसऱ्याचा फोन वाजावा. ज्या इशाऱ्यावर तातडीनं काही करायचं नसतं, उदाहरणार्थ डिस्क सत्तर टक्के भरली, तो फोनवर कधीच येऊ नये. त्याची यादी सकाळी दहाला बघता येते.

इथवरचं काम तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी झालं. पुढचं गिऱ्हाइकासाठी आहे, आणि माझ्या मते खरा धंदा तिथं टिकतो किंवा जातो.

मुंबईचं एक उदाहरण सगळ्यांनी अभ्यासावं असं आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार दूरसंचार जोडणीतल्या बिघाडानंतर ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. बाजार नेहमी साडेतीनला बंद होतो. त्या दिवशी तो पावणेचारला पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालला. मधल्या वेळात तो उघडणार की नाही, उघडला तर किती वाजता, हे दलालांना वेळेत कळलं नाही. दिवसाचे सौदे मिटवायची वेळ जवळ आली तशी अनेक दलालांनी गिऱ्हाइकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिटवून टाकले, आणि मग राष्ट्रीय बाजार पुन्हा सुरू झाल्याचं त्यांना बघावं लागलं. यंत्र बिघडल्याचं नुकसान सगळ्यांनी समजून घेतलं असतं. पुढची सूचना किती वाजता मिळेल हे माहीत नसल्यामुळे लोकांनी अंधारात निर्णय घेतले, आणि राग त्याचा होता.

याच्या उलट उदाहरण गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका अभियंत्यानं चुकून मुख्य डेटाबेसची माहिती पुसली. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, वेळेला एकही धड उपयोगी पडली नाही. शेवटी सुमारे सहा तासांची माहिती गेलीच. पण त्यांनी दुरुस्तीची टिपणं सगळ्यांना वाचता येतील अशी उघडी ठेवली आणि दुरुस्ती थेट प्रक्षेपित केली. इतकी मोठी चूक होऊनही कंपनीवरचा विश्वास टिकला, त्यात या उघडेपणाचा वाटा मोठा होता असं मला ठामपणे वाटतं.

स्थितीचं पान म्हणजे हा उघडेपणा रोजच्या सवयीत आणणं. ते वेगळ्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि शक्यतो वेगळ्या डोमेनवर ठेवा. तुमचं मुख्य डोमेनच गेलं तर त्याचं उपडोमेनही जातं. पान हलकं असू द्या, चित्रं नकोत, कमजोर नेटवर्कवर स्वस्त मोबाइलमध्ये दोन सेकंदांत उघडलं पाहिजे. ते मराठीत लिहा. तुमच्या भागांची नावं तांत्रिक नकोत, गिऱ्हाइकाच्या कामाची हवीत : दूध नोंद, पावती छपाई, सभासदाचा एसएमएस, दहा दिवसांचं बिल, बँकेत पैसे जमा. ‘एपीआय गेटवे’ अशी ओळ तिथं कुणाच्याही उपयोगाची नाही. एसएमएस पाठवणारी कंपनी बंद असेल तर तो एकच भाग पिवळा करा, म्हणजे दूध नोंद चालू असल्याचं दूध संस्थेच्या सचिवाला कळेल आणि तो विनाकारण वही काढणार नाही. तुमच्या पतसंस्थेच्या गिऱ्हाइकाला यूपीआयची अडचण आली आणि ती १२ एप्रिल २०२५ला होती तशी देशभरातली असेल तर तेही लिहा. दोष दुसऱ्याचा असला तरी अडलेला माणूस तुमचाच आहे.

बिघाड झाल्यावर पहिली सूचना दहा मिनिटांच्या आत जावी, कारण कळलेलं नसलं तरी. त्या सूचनेत चार गोष्टी पुरतात : काय बंद आहे, केव्हापासून, तोवर काय करायचं, आणि पुढची सूचना किती वाजता. उदाहरणार्थ : ‘सकाळी ६.३५ पासून दूध नोंद बंद आहे. फॅट आणि लिटर वहीत लिहून कच्ची पावती द्या. ६.३५ पूर्वीच्या नोंदी सुरक्षित आहेत. पुढची सूचना ७ वाजता.’ तिसरं वाक्य खरं असेल तरच लिहा, तपासलं नसेल तर ‘आधीच्या नोंदी तपासत आहोत’ असं लिहा. सात वाजले आणि नवं काही सांगण्यासारखं नसेल तरीही सातला सूचना टाका. ‘लवकरच सुरू होईल’ हे वाक्य वापरूच नका, त्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. आणि वहीतल्या नोंदी नंतर सॉफ्टवेअरमध्ये कशा चढवायच्या, त्याचा पडदा आधीपासून तयार ठेवा. मागच्या तारखेची आणि वेळेची नोंद घेता येत नसेल तर कच्च्या पावतीचा सल्ला फुकट जातो.

पान आहे म्हणून सचिव ते उघडेलच असं नाही. त्याला एसएमएस लागतो, आणि इथं आपल्या देशातली एक अडचण आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार व्यापारी एसएमएसचा मजकूर डीएलटी या नोंदणी मंचावर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. बिघाडाच्या सकाळी नवा मजकूर लिहून पाठवता येत नाही, तो वाटेतच अडतो. म्हणून बंद पडल्याचा, सुरू झाल्याचा आणि नियोजित देखभालीचा असे तीन मजकूर आजच नोंदवून ठेवा आणि वेळेसाठी बदलती जागा सोडा. मराठी एसएमएस एका संदेशात ७० चिन्हांचा असतो आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘दूध नोंद सेवा बंद. कच्ची पावती द्या. पुढची सूचना ७.३० ला.’ हा मजकूर ५७ चिन्हांत बसतो आणि तुमचं नाव टाकायला तेरा उरतात. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक संदेशांचे नमुनेही मेटाकडून आधी मंजूर करून घ्यावे लागतात.

काही दिवस असे असतात की बिघाड होण्याआधीच सूचना टाकता येते. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीला येते, धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचं रिंगण होतं आणि पालखी पुढे सणसरकडे जाते. त्या दिवशी रस्ता आणि मोबाइलचं जाळं दोन्हींवर ताण येतो, पण गोठ्यातलं दूध त्या दिवशीही निघतं. या मार्गावरच्या केंद्रांसाठी आदल्या दिवशी पानावर लिहा की इंटरनेट नसतानाही नोंद कशी करायची, आणि त्या दिवशी कोणताही नवा बदल सर्व्हरवर चढवू नका.

सेवा सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत अहवाल लिहा. एक पान पुरे. काय झालं, आपल्याला केव्हा कळलं, गिऱ्हाइकाला केव्हा सांगितलं, काय बदललं. कळण्यात आणि सांगण्यात गेलेली मिनिटं वेगळी लिहा, कारण दुरुस्तीपेक्षा ती कमी करणं सोपं असतं. अहवालात कामगाराचं नाव नको. जुने अहवाल पानावरून काढू नका. विक्रीच्या वेळी ते अडचणीचे ठरतील असं वाटतं खरं, पण वर्षभराचा कोरा हिरवा पट्टा पाहून जाणतं गिऱ्हाईक सावध होतं. करारात भरपाई लिहिली असेल तर ती गिऱ्हाइकानं मागण्याआधी पुढच्या बिलातून वजा करा.

आणि सराव करा. एखाद्या मंगळवारी दुपारी दोन वाजता, दूध नसताना, गिऱ्हाइकांना आधी कळवून चाचणीचा सर्व्हर मुद्दाम बंद करा. फोन किती मिनिटांनी वाजला, पान कुणी बदललं, त्याला पासवर्ड आठवत होता का, एसएमएस खरंच पोहोचला का, हे घड्याळ लावून लिहून ठेवा. मग बॅकअपमधून एक पूर्ण दिवसाच्या नोंदी दुसऱ्या यंत्रावर परत उभ्या करून एखाद्या सभासदाचं बिल काढा आणि ते मूळ बिलाशी पैशापर्यंत जुळतं का ते बघा.